आईचे विसरणे वयाचे की डिमेन्शियाचे, आणि ते पुढे कसे वाढते?

प्रश्न : प्रतापनगर, नागपूर

माझी आई ७६ वर्षांची असून महाल भागातील एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे. मी तिची थोरली मुलगी. नावे चटकन न आठवणे हे बऱ्याच काळापासून होते आणि ते आम्ही मनावर घेतले नाही. परंतु दिवाळीपासून दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब, जो तिने आयुष्यभर तोंडी केला, तिला जुळवता येत नाही. सकाळी फोनवर झालेले बोलणे झालेच नव्हते, असे ती दुपारी ठामपणे सांगते. मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, एका रात्री ती अचानक असंबद्ध बोलू लागली आणि तिने मलाही ओळखले नाही. सलाईन लावल्यावर एक-दोन दिवसांत ती सावरली. धाकट्या भावाचे म्हणणे असे की सत्तरीनंतर मेंदू झिजायचाच, त्यासाठी दवाखान्याच्या चकरा कशाला. यात वयाचा भाग किती, आजाराचा किती, आणि आजार असल्यास तो कोणत्या क्रमाने वाढतो?

उत्तर १ : निवृत्त वैद्यकीय प्राध्यापक, धंतोली

तुमच्या भावाचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. चाळिशीनंतर मेंदूचे आकारमान दर दशकात सुमारे ५ टक्क्यांनी घटते, आणि पेशींना जोडणाऱ्या तंतूंवरील आवरण विरळ होत गेल्यामुळे विचारांची गती मंदावते. मात्र शब्दसंग्रह आणि वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली कामे या झिजेत सहसा टिकून राहतात. वयामुळे विसरलेले नाव पहिले अक्षर सांगितल्यावर किंवा संध्याकाळपर्यंत आपसूक आठवते. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या (स्मरण व समज खालावत नेणाऱ्या विकाराच्या) सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, घटनेची नोंदच नीट झालेली नसते, त्यामुळे खूण सांगूनही उपयोग होत नाही. म्हणून नावांपेक्षा मला दूधवाल्याचा हिशेब आणि फोनवरचे बोलणे अधिक चिंतेचे वाटते.

मे महिन्यातील प्रसंग वेगळा धरावा. काही तासांत उद्भवणारा असा गोंधळ म्हणजे डिलिरियम. शरीरातील पाणी वा सोडियम कमी होणे, लघवीचा संसर्ग, एखादे नवे औषध, अशी कारणे त्यामागे असतात आणि ती दूर झाल्यावर रुग्ण सावरतो. तथापि आधीच कमकुवत झालेल्या मेंदूत तो लवकर उद्भवतो, म्हणून ‘उन्हामुळे झाले’ एवढ्यावर विषय संपवू नये.

आता क्रमाविषयी. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांचा साठा लक्षणे दिसण्याच्या १५ ते २० वर्षे आधीपासून होऊ लागतो. टाऊच्या गाठी प्रथम हिप्पोकॅम्पसला (नव्या आठवणी नोंदवणाऱ्या मेंदूच्या भागाला) लागून असलेल्या भागात दिसतात, म्हणून ताज्या आठवणी आधी जातात आणि शाळेतले दिवस शाबूत राहतात. नंतर हा बिघाड बाजूच्या व वरच्या भागांत पसरतो, तेव्हा शब्द सापडत नाहीत, ओळखीचे रस्ते चुकतात, साडी नेसण्यासारखी कृती अडखळते. हालचालींचे केंद्र बरेच उशिरा बाधित होते, आणि त्यामुळेच घरचा पत्ता न सांगता येणारी व्यक्ती मैलभर चालत जाऊ शकते. रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणारा डिमेन्शिया मात्र पुष्कळदा जिन्याच्या पायऱ्यांसारखा उतरतो: काही महिने स्थिर, मग एकदम घसरण.

आणखी एक गोष्ट. आई शिक्षिका होत्या. शिकलेला, सतत वापरात राहिलेला मेंदू नुकसान बराच काळ झाकून ठेवतो. स्मरण व आकलन तपासणाऱ्या ३० गुणांच्या चाचणीत असे रुग्ण चांगले गुण मिळवतात आणि घरचे निर्धास्त होतात. म्हणून चाचणीबरोबर तुमचे निरीक्षणही लिहून न्यावे. बी-१२, थायरॉइड, सोडियम व साखर या तपासण्या आणि मेंदूचा एमआरआय करून घ्यावा, कारण बी-१२ची कमतरता, थायरॉइडची मंदगती, नैराश्य किंवा डोक्यावर पडल्यानंतर साचलेले रक्त हेही अशीच लक्षणे दाखवतात आणि त्यांवर उपचार आहेत. झोपेच्या, सर्दीच्या किंवा लघवीच्या तक्रारीवरील गोळ्या चालू असल्यास तेही आवर्जून सांगावे.

उत्तर २ : सासूबाईंची शुश्रूषा केलेली सून, मानेवाडा

ताई, डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली आहे. मी व्यवहाराचे लिहिते. आईंना समज आहे तोवरच बँकेचे खाते, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र मार्गी लावावे. मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले, असा अनेकांचा समज असतो. परंतु आपल्या कायद्यानुसार ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेल्यावर साधे मुखत्यारपत्र संपुष्टात येते, आणि पुढे पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते.

दुसरे, दोन-दोन महिने प्रत्येक मुलाकडे ठेवण्याची पाळी लावू नका. भावंडांना ती न्याय्य वाटते, पण रुग्णाला रात्री न्हाणीघर कोठे आहे हे दर वेळी नव्याने शिकावे लागते, आणि ते शिकणेच तर जमत नसते. आई शेगडीपाशी जाण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवावा. स्वयंपाकातून मात्र त्यांना पूर्णपणे बाजूला करू नये, भाजी निवडणे त्यांच्याकडेच असू द्यावे. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी नोंदवून ठेवा.

उत्तर ३ : वाचक, त्रिमूर्तीनगर

शब्दकोडी, सुडोकू आणि ब्राह्मीच्या गोळ्या यांनी हे थांबते, असे आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सांगितले जाते. शिवाय परदेशात यावर नवे इंजेक्शन आले आहे म्हणतात. यात तथ्य किती?

उत्तर ४ : निवृत्त वैद्यकीय प्राध्यापक, धंतोली

कोडी सोडवल्याने मुख्यतः कोडी सोडवणे सुधारते, आणि ब्राह्मीने डिमेन्शिया थांबतो असा भरवशाचा पुरावा नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले आणि ते सर्व दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज मांडला. त्यांत ऐकू कमी येणे आणि मध्यमवयातील वाढलेले एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल यांचा वाटा सर्वांत मोठा धरला आहे. आपल्याकडे मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या लोक घेतात, श्रवणयंत्र मात्र कपाटात पडून असते.

इंजेक्शन म्हणजे बहुधा लेकानेमॅब. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. चाचणीत १८ महिन्यांत घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, परंतु केवळ अगदी सुरुवातीच्या रुग्णांत, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका पत्करून. डोनेपेझिल ही जुनी गोळी आपल्याकडे सर्वत्र मिळते. ती लक्षणे काही काळ सावरते, रोगाची मूळ प्रक्रिया थांबवत नाही. तिने नाडी मंदावू शकते, म्हणून प्रश्नकर्त्या ताईंनी आईंचा ईसीजी काढल्याशिवाय ती सुरू करू नये.