पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिनचाच पडदा (मिंट, लाइटडीएम)

पॅटर्नवाला, शिवाजी उद्यमनगर
नमस्कार मंडळी. आमचं पॅटर्नचं छोटं दुकान आहे. ऑफिसातल्या पीसीवर लिनक्स मिंट सिनॅमन; फाउंड्रीची ड्रॉइंगं, बिलं सगळं त्याच्यावरच. कालपासून पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होतो आणि परत लॉगिन समोर. मुद्दाम चुकीचा टाकून बघितला तर 'चुकीचा' म्हणतंय, म्हणजे बरोबरवाला त्याला कळतोय. कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर गेलो तर तिथं त्याच पासवर्डनं बिनबोभाट आत घेतं. फक्त तिथं आता कमांड रंगीत दिसतात आणि टाइप करताना पुढचे शब्द फिकट उमटतात. आधी असं नव्हतं. आमच्या शिकाऊ पोरानं 'टर्मिनल भारी करून देतो' म्हणून काहीतरी केलं होतं, ते आता गावाकडं गेलंय. फॉरमॅट मारू का?

टाकाळ्यावरचा
फॉरमॅट नको. डिस्क भरलीय का बघा, 'डीएफ -एच'. आणि होममधली 'डॉट एक्सऑथॉरिटी' फाईल (डेस्कटॉपला पडदा वापरायची परवानगी हिच्यातून मिळते) रूटच्या, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनच्या, नावावर तर गेली नाही ना? अशा गोलगोल फिरण्याची ही दोन कारणं नेहमीची.

पॅटर्नवाला
डिस्क निम्मीसुद्धा भरलेली नाही. फाईल माझ्याच नावावर आहे.

राजारामपुरी १३वी गल्ली
भावा, फिकट शब्द उमटतात म्हटल्यावर तो फिश शेल हाय; शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम. होममधल्या 'डॉट प्रोफाइल'चा, म्हणजे लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाईलचा, शेवट बघ. 'एक्झेक फिश' असली ओळ असणार. नॅनो एडिटरनं उघड, ती ओळ उडव, सेव्ह कर, परत लॉगिन मार.

असं का होतं ते सांगतो, नाहीतर पोरगं परत तेच करंल. तू पासवर्ड टाकलास की लाइटडीएम, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम, 'लाइटडीएम-सेशन' नावाची एक स्क्रिप्ट चालवतो. ती साध्या 'एसएच' शेलची. ती आधी ईटीसी फोल्डरमधली 'प्रोफाइल' वाचते, मग तुझी 'डॉट प्रोफाइल', आणि सगळ्यात शेवटी सिनॅमन, म्हणजे तुझा डेस्कटॉप, सुरू करते. 'एक्झेक'चा अर्थ, चालू प्रोग्रॅम उठवायचा आणि त्याच जागेवर दुसरा बसवायचा. म्हणजे मधेच स्क्रिप्ट गेली, तिच्या जागी फिश आला. सिनॅमनची ओळ तशीच खाली राहिली. फिशला तिथं कीबोर्ड नाही की टर्मिनल नाही, वाचायला कायच नाही, म्हणून तो गुमान बंद पडतो. सेशन संपलं, की लाइटडीएम परत पासवर्ड मागतो. एफ२ वर खरं टर्मिनल असतंय, म्हणून तिथं तीच ओळ झकास चालते.

पॅटर्नवाला
ओळ सापडली, अगदी तळाला होती. काढली आणि डेस्कटॉप आला! 'एक्ससेशन-एरर्स' ही एरर नोंदवणारी फाईल मघाशी बघितली होती, तिच्यात काही नव्हतं, म्हणून डोकं चालेना. पोरगं फोनवर म्हणतंय फिश पाहिजेच. द्यायचा का?

राजारामपुरी १३वी गल्ली
एरर नसणारच की. फिश काय मोडून पडला नव्हता, रीतसर बाहेर पडला.

दे, पण टर्मिनलपुरता. टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये नेहमीच्या शेलऐवजी आपली कमांड चालवायची सोय असती, तिथं 'फिश' लिही. लॉगिन केल्यावर मिळणारा शेल मात्र नेहमीचा बॅशच ठेव. 'सीएचएसएच' कमांडनं तो बदलता येतो, पण फिश काय 'डॉट प्रोफाइल' वाचत नाही. लाइटडीएममधून आलास तर ती स्क्रिप्ट वाचून देते म्हणून पाथ (प्रोग्रॅम कुठं शोधायचे ती यादी) वगैरे जाग्यावर राहतात. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचनं आलास की गायब. पैशाचं काम चालतंय त्या मशीनवर असले नाद कशाला?

टाकाळ्यावरचा
यात एक भर. लॉगिन शेल फिश केला आणि नंतर कुणी फिशचं पॅकेजच काढलं, तर एफ२ वरूनही आत जाता येत नाही. मग ग्रबमधून (मशीन सुरू होतानाचा मेनू) रिकव्हरी मोड, रूट शेल, 'माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /' आणि 'यूजरमॉड -एस /बिन/बॅश' पुढं युजरचं नाव. आमच्या ऑफिसात एकदा हे करावं लागलंय.

पॅटर्नवाला
मग त्यानं आधीच सीएचएसएच केलं नसेल कशावरून?

राजारामपुरी १३वी गल्ली
'गेटेंट पासवड' आणि पुढं तुझं युजरनाव मार. ओळीत शेवटच्या कोलननंतर बॅश दिसला की विषय संपला.

पॅटर्नवाला
बॅशच आहे. आता बिलं काढतो, दुपारी गाडी न्यायला येणार आहे.