नाताळची पहाट, मैदान आणि शेवटचा गोल : तुमचे अनुभव सांगा

२४ डिसेंबर, पहाटेचे साडेपाच. अमेरिकेत शार्लटजवळच्या आमच्या गावातल्या शाळेचं मैदान. थंडी अशी की दहिवर गवतावरच गोठलेलं. अंधारात सतराअठरा पुरुष, सगळ्यांच्या डोक्यावर सांताच्या लाल टोप्या. एकानं कपाळावरच्या बॅटरीला लाल कागद लावून रेनडिअरचं नाक केलं होतं. आणि प्रत्येकाच्या पायाशी बांधकामाचा एकेक सिमेंटचा ब्लॉक, चमकी कागदात गुंडाळून वर रिबिनीची गाठ मारलेला. या ब्लॉकला आमच्याकडे 'कूपन' म्हणतात.

हा गट एफ-थ्रीचा, म्हणजे पुरुषांच्या व्यायामगटांपैकी एक. फिटनेस, फेलोशिप, फेथ. घरी सांगताना मी व्यायाम, सोबत आणि श्रद्धा म्हणतो. १ जानेवारी २०११ ला शार्लटमध्येच एका शाळेच्या मैदानावर याची सुरुवात झाली. फी नाही, छप्पर नाही, पगारी प्रशिक्षक नाही. आपल्यातलाच एकेक जण पाळीपाळीनं व्यायाम घेतो, त्याला 'क्यू' म्हणतात. ख्रिस्ती असण्याची अट नाही, पण इथे बहुतेक सगळे चर्चला जाणारे, त्यामुळे शेवटची प्रार्थना येशूच्या नावानं होते.

त्या दिवशीचा खेळ नाताळच्या बारा दिवसांच्या जुन्या इंग्रजी गाण्यावरून बांधलेला. पहिल्या दिवसाचा व्यायाम एकदा. मग दुसऱ्या दिवसाचा दोनदा आणि पुन्हा पहिला एकदा. असं बारापर्यंत चढायचं आणि दर वेळी एकपर्यंत उतरायचं. सगळ्याची बेरीज ३६४. मध्येच कुणीतरी गाणं म्हणायला लागायचं आणि दम लागलेले बाकीचे त्यात सूर मिसळायचे.

माझा तो पहिलाच दिवस. नवव्याला ब्लॉक छातीशी धरून मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन यायचं होतं, आणि मी पार मागे पडलो. समोरच्या अंधारात लाल टोप्या परत फिरताना दिसल्या. वाटलं, यांचं संपलं, आता निघाले. पण त्या सगळ्या माझ्याच दिशेनं येत होत्या. रांगेतल्या शेवटच्या माणसाला इथे 'सिक्स' म्हणतात, आणि ज्याचं आधी संपेल त्यानं मागे जाऊन त्याला घेऊन यायचं. साठीचे एक गृहस्थ माझ्या बाजूनं चालायला लागले. माझा ब्लॉक त्यांनी घेतला नाही. "अजून तीस पावलं," एवढंच म्हणाले आणि मोठ्यानं मोजू लागले.

शेवटी गोल, म्हणजे सगळ्यांनी रिंगण करून उभं राहायचं. प्रत्येकानं जन्माचं नाव, वय आणि गटातलं टोपणनाव सांगायचं. नव्या माणसाला चार प्रश्न विचारून तिथल्या तिथे नाव देतात. मी कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसाबद्दल बोललो आणि माझं 'मान्सून' झालं. मग टोप्या उतरल्या. एक जण म्हणाला, आई गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ, घरी हे कुणाशी बोलता येत नाही. बोलताना तो टोपीचा पांढरा गोंडा बोटांत पिळत होता. त्याआधीच्या वर्षी माझे वडील साताऱ्यात गेले आणि मी वेळेत पोहोचलो नव्हतो. त्या दिवशी मी गप्पच राहिलो. तीन आठवड्यांनी त्याच गोलात सांगितलं.

म्हणून हा धागा. नाताळात, उघड्यावर, खेळता खेळता केलेला व्यायाम आणि त्यानंतरची प्रार्थना, याचा तुमचा अनुभव लिहा. अमेरिकेतलाच हवा असं नाही, ख्रिस्ती माणसाचाच हवा असंही नाही.

नगरहून

मान्सूनदादा, मी चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं, आमचे पणजोबा नंतर मंडळीत आले. नाताळच्या आठवड्यात आमच्या तरुण संघाचे खेळ सकाळी चर्चच्या कंपाउंडात असतात. लंगडी, रस्सीखेच, पोत्यांची शर्यत. याला आम्ही कधी व्यायाम म्हटलं नाही, पण नगरच्या थंडीत अर्ध्या तासात सगळ्यांचे स्वेटर कुंपणावर लटकलेले दिसायचे.

माझ्या लहानपणीचे पाळकसाहेब दर वर्षी कडुलिंबाच्या फांदीला भाजीची दुरडी बांधायचे आणि आम्हाला त्यात बॉल टाकायला लावायचे. बास्केटबॉलचा पहिला खेळ २१ डिसेंबर १८९१ चा, अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या शाळेतला. तेव्हा पीचच्या टोपल्या टांगल्या होत्या आणि बॉल पडला की वर चढून काढावा लागायचा. आम्हीही चढायचो, प्रत्येक गोलला. वायएमसीएच्या लाल त्रिकोणाच्या तीन बाजू म्हणजे शरीर, मन आणि आत्मा, हे मी त्या झाडाखाली शिकलो. खेळ संपला की साहेब तिथेच मातीत गुडघे टेकायचे आणि आम्ही घामेजलेली पोरं त्यांच्याभोवती. चर्चमधल्या बाकावर बसून केलेल्या प्रार्थना मला आता आठवत नाहीत, या सगळ्या आठवतात.

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

थोडं वेगळं लिहितो. मी हिंदू, पुण्याचा. पहिल्या दिवशी शेवटची प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी फार अवघडलो. दुसऱ्या दिवशी क्यूला बाजूला घेऊन सांगितलं की येशूच्या नावानं माझ्या तोंडून प्रार्थना होणार नाही. तो म्हणाला, तुझ्या पद्धतीनं कर, नाहीतर नुसता उभा राहा. दोन महिने मी नुसता उभा राहिलो.

नाताळच्या आठवड्यात व्यायाम घ्यायची माझी पाळी आली आणि प्रार्थना क्यूनं सांगायची असते. आजी दिवेलागणीला म्हणायची ती मी म्हटली, जशीच्या तशी, भाषांतर न करता. वीस जण माना खाली घालून ऐकत होते. नंतर कॉफी पिताना एकानं विचारलं, 'कल्याण' हा शब्द कानावर पडला, त्याचा अर्थ काय? पाऊण तास आम्ही त्या एका शब्दावर बोलत होतो.

एक जण मात्र मला दर आठवड्याला चर्चला बोलवायचा. ते खुपत होतं. मी स्पष्ट सांगितलं, तो थांबला, आणि आजही तो माझ्या शेजारीच धावतो. नवीन जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावं. मी उगीच मनात ठेवलं होतं.

वसईहून

आम्ही बायका आहोत, चाळिशीपासून सत्तरीपर्यंतच्या. नाताळआधीच्या नोव्हेनाचे, म्हणजे खास प्रार्थनेचे नऊ दिवस, १६ ते २४ डिसेंबर, सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) थेट समुद्रावर जातो. ओहोटी असली की ओल्या वाळूवर काठीनं मोठी चांदणी काढायची, पाच टोकांची. पहिल्या दिवशी तिच्या कडेनं एक फेरी, दुसऱ्या दिवशी दोन, नवव्या दिवशी नऊ. प्रत्येक टोकाला काहीतरी करायचं. एका टोकावर उठाबशा, एका टोकावर नुसतं गोल फिरून टाळ्या. कुणी सलवार-कमीजमध्ये, कुणी लेकीच्या ट्रॅकपँटमध्ये.

मागच्या वर्षी आमच्यातल्या एका मावशीची केमो संपून दोनच महिने झाले होते. घरी बसून राहायची नाही म्हणाली. मग तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची नेली आणि चांदणीच्या मधोमध ठेवली. ती तिथून मोजायची आणि कुणी फेरी चुकवली की नावानं हाक मारायची. फेऱ्या झाल्या की आम्ही तिच्याभोवती वाळूतच बसायचो आणि प्रत्येकीनं एका माणसाचं नाव घ्यायचं, ज्याच्यासाठी आज प्रार्थना करायची. आठ दिवस मावशीनं दुसऱ्यांचीच नावं घेतली. नवव्या दिवशी स्वतःचं घेतलं. मग उठली, चप्पल काढून खुर्चीखाली ठेवली आणि चांदणीची एक कड चालून गेली. आम्ही कुणी हात दिला नाही, सगळ्या मागून चाललो.

नाशिकहून

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान्सून यांचा बाराचा खेळ मी आमच्या ज्येष्ठांच्या गटाला शिकवणार आहे, म्हणून एक सूचना. यात पहिला आणि बारावा व्यायाम प्रत्येकी १२ वेळाच होतो, पण सहावा आणि सातवा ४२-४२ वेळा. त्यामुळे उड्या किंवा बर्पी (जमिनीवर जाऊन, उठून उडी मारायची) मध्यावर ठेवू नका, गुडघे धरतील. मध्ये हातांचं किंवा जागच्या जागी चालणं ठेवा. थंडीत आधी दहा मिनिटं अंग गरम केल्याशिवाय ब्लॉकला हात लावू नका.

रॅली, नॉर्थ कॅरोलायना

हा माझा नाही, नवऱ्याचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये त्याची नोकरी गेली. दिवस दिवस तो बेडरूममधून बाहेर येत नव्हता, फोनही उचलत नव्हता. शेजारच्यांनी एका पहाटे दार वाजवलं आणि त्याला त्यांच्या एफ-थ्री गटात घेऊनच गेले. तीन आठवडे रोज येत होते.

२५ डिसेंबरला सकाळी दार उघडलं तर पायरीवर रंगीत कागदात गुंडाळलेला सिमेंटचा ब्लॉक. त्या ब्लॉकला दोन पोकळ्या असतात ना, एकीत संत्री आणि चॉकलेटं, दुसरीत आमच्या मुलाच्या मापाचे हातमोजे. वर कार्ड, सगळ्यांच्या टोपणनावांच्या सह्यांचं. नवरा ते कार्ड हातात धरून पायरीवरच बसला आणि किती तरी वेळानं मोठ्यानं रडला. नोकरी लागायला पुढे मार्च उजाडला, पण तो आंघोळ करून वेळेवर जेवायला लागला तो त्या आठवड्यापासून. मोजे आता मुलाला लहान होतात, पण ते टाकलेले नाहीत. मीही आता 'फिया' नावाच्या गटात जाते, हाच प्रकार, फक्त बायकांचा.

शार्लटहून पुन्हा

सगळ्यांचे आभार. कॅरीच्या मित्रा, तू लिहिलंस ते मी आमच्या क्यूंना वाचून दाखवणार आहे.

यंदा २४ ला पाळी माझी आहे. वसईच्या ताई, तुमची चांदणी मी मैदानावर चुन्यानं काढणार. एक कड किती पावलांची ठेवता?

वसईहून पुन्हा

वीस. मध्ये खुर्चीला जागा ठेवा, कुणी ना कुणी लागतंच.