भार, प्रभार की आवेश?

खानापूरकरीण: पुतणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, यंदा पीयूसीला (अकरावीला) गेली आणि सगळं इंग्रजी. तिच्यासाठी स्थिरविद्युतचा धडा मराठीत उतरवतेय. उदाहरण असं: १० आणि ५ सेंटिमीटर त्रिज्येचे धातूचे दोन गोळे, लांब तारेनं जोडलेले. विभव (पोटेन्शियल, विजेची पातळी) दोघांचा सारखा होतो, पण मोठ्यावर दुप्पट... इथं 'चार्ज'ला अडलं. 'भार' लिहिलं तर तिनं विचारलं, "मोठा जड आहे म्हणून?" 'प्रभार' लिहिलं तर घरात हसले. आमच्याकडे प्रभार मुख्याध्यापक रजेवर गेले की मिळतो. काय लिहू?

निपाणीकर: प्रभारच. महाराष्ट्रातल्या शाळेच्या पुस्तकात तोच आहे. भार वीजवाल्यांनी नेला, भारनियमनासाठी. तसं आपल्याकडे कुठं भारनियमन होतं, नुसता करंट जातो.

टिळकवाडी जुना: मराठी विश्वकोश उघडा. तिथं 'विद्युत् भार', आणि विभवाला 'वर्चस्'. काय शब्द आहे! वर्चस् म्हणजे तेज, वर्चस्व त्यातूनच. विभव तर संवत्सराचं नाव, प्रभवानंतरचं.

हुक्केरी ते पुणे: घरी मराठी, शाळा कन्नड. आमच्या पुस्तकात 'आवेश'. सरांनी आवेशित गोळा म्हटलं आणि मला सौंदत्तीच्या डोंगरावर केस मोकळे सोडून घुमणारी बाईच दिसली. अंगात येणं! याहून नेमका शब्द काढून दाखवा.

खानापूरकरीण: पण वाहकाच्या अंगात काही येतच नाही की! स्थिरावल्यावर सगळा पृष्ठभागावर बसतो, आत विद्युतक्षेत्र शून्य.

हुक्केरी ते पुणे: मग अंगावर येणं म्हणा 🙂

टिळकवाडी जुना: आवेश हा हिंदीचा शिरकाव आहे. उद्या वाहकाला चालक म्हणाल.

हुक्केरी ते पुणे: संस्कृत शब्द हिंदीच्या नावावर कधी चढला? कन्नडचा म्हणायला जीभ रेटेना वाटतं.

येळ्ळूरचा वायरमन: चार्ज म्हणा आणि मोकळे व्हा. "लाईन चार्ज हाय" म्हटलं की खालचा माणूस हात मागं घेतो. "लाईन आवेशात हाय" म्हणून ओरडलो तर हसत हसत चिकटेल. कपॅसिटर बँक बंद केली तरी अर्थिंग दिल्याशिवाय शिवायची नाही. करंट नसतो, चार्ज बसलेला असतो. नव्या पोराला हे एकदाच सांगतो, तेही काठी हातात घेऊन.

निपाणीकर: चालकावरून आठवलं. एसटीत चालक गाडी हाकतो, वाहक तिकीट फाडतो. हिंदी पुस्तकात वीज वाहून नेतो तो चालक. आणि आपल्या कर्नाटकच्या लाल बसमध्ये कंडक्टर 'निर्वाहक'. कोल्हापूरला गाडी बदलली की माणसाचा हुद्दा बदलतो.

टिळकवाडी जुना: निर्वाहक उत्तम शब्द आहे. मराठीनं घ्यायला हवा.

हुक्केरी ते पुणे: कन्नडमधून? तुम्ही?

खानापूरकरीण: अहो, माझा गोळा तारेला लटकलाय. पुतणीनं वहीत 'चार्ज' लिहूनही टाकलं. आता विचारते, मोठ्यावर दुप्पट आहे तर ठिणगी आधी लहान गोळ्यावरून का उडते?

येळ्ळूरचा वायरमन: लहानाचं अंग पावपट, चार्ज निम्मा. म्हणजे दाटी दुप्पट. टोकदार जागी ठिणगी उडते ती याच्यामुळंच.

निपाणीकर: दाटी? पृष्ठघनता म्हणा हो.

टिळकवाडी जुना: त्याआधी 'तो विभव' की 'ते विभव', हे ठरवा.