टॉर्चची लिथियम बॅटरी कंपनीने परत मागवली आहे, पुढे काय?

प्रश्न
रिचार्जेबल टॉर्चमधला १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, नळीसारखा लिथियम सेल) कंपनीने परत मागवलाय. मॉडेल नंबर जुळतोय. पण टॉर्च नीट चालते, तापत नाही, सेल फुगलेला दिसत नाही. नुसता सेल बदलून टॉर्च वापरली तर चालेल का? जुन्याचं काय करायचं?

प्रतिसाद १
'फुगलेला नाही' यावर जाऊ नका. फुगतो तो पाऊच सेल, म्हणजे मऊ फॉइलच्या पाकिटातला. १८६५० ला स्टीलचं कवच असतं, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. आत शॉर्ट झाला की वायू धन टोकाच्या व्हेंटमधून (दाब सोडणाऱ्या छिद्रातून) सुटतो, आणि टॉर्चची नळी ओ-रिंगने (रबरी कड्याने) घट्ट बंद! दाबाला वाट नाही, म्हणून टॉर्चमध्ये सेल फुटणं जास्त वाईट.
आजपासून चार्जिंग बंद. थंड असेल तर सेल बाहेर काढा, दोन्ही टोकांवर इन्सुलेशन टेप लावा, बॅच नंबरचा फोटो घ्या. मग धातूच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, झाकण सैल, जागा घराबाहेरची आणि सावलीतली. मिठाच्या पाण्यात बुडवायचा उपाय करू नका. टोकं गंजून सेल गळतो.

प्रतिसाद २
सेल बदलायचा की नाही, हे परत मागवण्याचं कारण वाचून ठरवा. दोष सेलचा असेल तर कंपनी सेल बदलून देईल. पण चार्जिंग सर्किट ४.२ व्होल्टला, म्हणजे सेल पूर्ण भरल्यावर, थांबत नसेल, तर नवा सेलही तसाच ओव्हरचार्ज होणार. बाहेरून घेताना ९९०० एमएएच (क्षमतेचं एकक) छापलेला सेल नको. या आकारात ३५०० च्या आसपास मजल संपते, बाकी निव्वळ छपाई. आणि प्रोटेक्शन सर्किटवाला सेल ६५ ऐवजी ६८-७० मिमी भरतो, काही टॉर्चमध्ये टोपण बसत नाही.

प्रश्नकर्ता
सेलवरचा बॅच नंबर पुसलाय. कुरिअरने पाठवून देऊ?

प्रतिसाद १
नंबर वाचता येत नसेल तर सेल परत मागवलेल्यांच्या यादीतलाच धरा. खोक्यावर किंवा बिलावर सापडतो का बघा. कुरिअर नको. सदोष लिथियम सेल विमानाने पाठवायला बंदी आहे, साध्या पाकिटात तर नकोच. कंपनीकडून खास पॅकिंग मागवा, नाहीतर घातक कचरा घेणाऱ्या केंद्राला आधी 'परत मागवलेला सेल आहे' असं सांगून विचारा. दुकानातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकू नका, तिथे शेजारचे सेलही पेटतील.