आधी बाटली घेत होती, आता निपल ओठाला लागलं तरी रडते. कामावर जायला १९ दिवस उरलेत

तान्हीची_आई:

माझी लेक साडेतीन महिन्यांची आहे. जन्मापासून अंगावरच पिते. वजन छान वाढतंय, दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात, त्यामुळे दूध पुरतं की नाही ही काळजी नाही. काळजी बाटलीची आहे. १९ दिवसांनी मला कामावर रुजू व्हायचंय आणि सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच ती सासूबाईंजवळ राहील.

ती पाच आठवड्यांची असताना दोनदा बाटलीने प्यायली होती. माझ्या दाढेचं काम निघालं होतं, म्हणून निघण्याआधी दूध काढून ठेवलं आणि नवऱ्याने पाजलं. दोन्ही वेळा ६० मिली, काही कुरकुर नाही. आम्हाला वाटलं, हिला जमतंय, आता चिंता मिटली. मग आठ आठवडे बाटली कपाटातच राहिली. तिथेच चुकलं का माझं?

आता दहा दिवस झाले, रोज प्रयत्न चाललाय. निपल ओठाला लागलं की आधी जिभेने बाहेर ढकलते. थोडं थांबून पुन्हा दिलं तर एक-दोनदा चघळते, दोन थेंब तोंडात जातात, आणि लगेच कपाळाला आठ्या पडतात. मान उजवीकडे वळते, हुंदका दाबल्यासारखा एक आवाज येतो आणि मग मोठं रडणं. दूध हनुवटीवरून ओघळून मानेच्या वळीत जातं. ते पुसता पुसता मलाही रडू येतं.

तीन प्रकारची निपलं आणून झाली. निपलाला दूध लावून दिलं, अर्धवट झोपेत दिलं, माझ्या गाऊनमध्ये गुंडाळून दिलं. दूध माझंच आहे. रोज पहाटे पंपाने काढून फ्रीजरमध्ये साठवतेय, १८ पिशव्या झाल्यात. रात्री एक पिशवी खालच्या कप्प्यात काढून ठेवते आणि सकाळी कोमट पाण्यात बुडवून बाटलीत ओतते.

परवा कुणीतरी म्हणालं, भूक लागली की झक मारत घेईल. चार तास कळ काढली. रडून रडून तिचा आवाज बसला आणि तशीच झोपली. उठल्यावर छातीला लावलं तर पिता पिता हुंदके देत होती. ते मी पुन्हा करणार नाही, एवढं नक्की.

ज्यांची बाळं अशी होती त्यांनी काय केलं, ते सांगाल का? अगदी बारीकसारीक गोष्टही चालेल.

रानजाई:

ताई, उपाशी ठेवायचं नाही हे तुम्ही ठरवलंत ते फार बरं केलंत. भुकेने कासावीस झालेलं बाळ नवीन काही शिकत नाही. माझा मुलगा मी घरात असेपर्यंत बाटलीकडे बघायचासुद्धा नाही. मी बाहेर पडले की पाऊण तासाने मावशीकडून निमूट प्यायचा. तुमच्याकडे बाटली कोण देतं?

तान्हीची_आई:

नवराच देतो. पण मी तिथेच पलंगावर बसलेली असते. उठून जायला जीव होत नाही.

पाऊलवाट:

मी ११ वर्षं स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते आहे. थोडं सविस्तर लिहिते.

आधी चुकीबद्दल. पहिल्या काही आठवड्यांत चोखणं ही बाळाची प्रतिक्षिप्त क्रिया असते. टाळूला काही लागलं की ते चोखतंच. साधारण तीन-चार महिन्यांच्या सुमारास ते बाळाच्या मर्जीवर येतं. त्यामुळे पाचव्या आठवड्यात ‘जमलेली’ बाटली मधे थांबली की पुढे नाकारली जाते, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. अंगावर पिणं नीट बसल्यावर, म्हणजे तीन-चार आठवड्यांनंतर, बाटली सुरू केली तर आठवड्यातून दोन-तीनदा ती चालू ठेवणं सोपं जातं. पण हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही, त्यात तुमचा दोष नाही. आता तिला विचारून विचारून पुढे जायचं, इतकंच.

आता बाटलीचं. छातीला लावल्यावर लगेच दूध येत नाही. बाळ आधी भरभर चोखतं, मग पान्हा सुटतो, दूध येतं, ओसरतं, पुन्हा येतं. बाटली उभी धरली की पहिल्या क्षणापासून धार लागते आणि बाळ गुदमरतं. म्हणून सर्वांत कमी धारेचं निपल घ्या. बाळाला आडवं न ठेवता जवळजवळ बसतं धरा, मान आणि पाठ हाताने सावरा. बाटली जमिनीला समांतर ठेवा, निपल अर्धंच भरलेलं असू दे. पाच-सहा घोट झाले की बाटलीची मागची बाजू थोडी खाली करायची, म्हणजे निपल तोंडात राहतं पण धार थांबते. तिने पुन्हा चोखायला सुरुवात केली की परत वर.

निपल तोंडात घालू नका. नाकाखालून वरच्या ओठापर्यंत हलकेच टेकवा आणि थांबा. छातीला लागताना उघडते तसं मोठं तोंड उघडलं की तिला स्वतःला ओढून घेऊ दे. वेळ कडक भुकेची नको आणि गाढ झोपेचीही नको. आधीच्या पाजण्याला तास-दीड तास झालेला असावा. रडू येईपर्यंत थांबू नका, पहिली आठी दिसली की बाटली बाजूला. दहा मिनिटं पुरेत. जवळ घ्या, हवं तर अंगावर पाजा. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. आणि ताई, तुम्ही नुसतं खोलीबाहेर नाही, घराबाहेरच जा. तिला तुमचा वास येतो.

एक गोष्ट मात्र मी तुमच्या लिहिण्यात परत जाऊन वाचली. ‘दोन थेंब तोंडात जातात, आणि लगेच कपाळाला आठ्या.’ राग फक्त निपलाचा असता तर तिने चघळलंच नसतं. पाचव्या आठवड्यात प्यायली ते दूध ताजं होतं, आताचं फ्रीजरमधलं आहे. तुम्ही ते स्वतः चाखून पाहिलंय का?

अंगावरच्या दुधात लायपेज नावाचं विकर असतं, ते दुधातली चरबी फोडतं. काही जणींचं दूध साठवलं की त्यामुळे त्याला साबणासारखा किंवा धातूसारखा वास आणि चव येते. दूध नासलेलं नसतं, बाळाला त्याने अपाय होत नाही. पण काही बाळं ते तोंडात ठेवत नाहीत. आज दूध काढाल तेव्हा एका वाटीत थोडं बाजूला काढा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दर काही तासांनी वास घेऊन, थेंबभर जिभेवर ठेवून बघा.

बाबागाडी:

मी आमच्या घरातला बाटलीवाला. बायको कामावर गेली तेव्हा मुलगा चार महिन्यांचा होता आणि पहिले आठ दिवस त्याने माझ्याकडून एक थेंब घेतला नाही. त्याने मला नाकारलंय असं वाटून मी फार खचलो होतो. तुमचे मिस्टर हे वाचत असतील तर त्यांना सांगा, तसं नसतं.

माझी चूक अशी होती की बायको जसं मांडीवर आडवं घ्यायची तसंच मी घ्यायचो. त्या जागी आलं की तो छाती शोधायचा, आणि समोर यायचं रबर. मग मी त्याची पाठ माझ्या छातीला टेकवून, तोंड बाहेरच्या बाजूला करून, खिडकीशी उभा राहायला लागलो. एक हात त्याच्या पोटावर, दुसऱ्या हातात बाटली. हळूहळू डुलत एकाच चालीत गुणगुणत राहायचं. निपल आधी कोमट पाण्यात बुडवून घ्यायचो, गार रबर त्याला खपायचं नाही. नवव्या दिवशी तो बाहेरच्या झाडाकडे बघत होता आणि बाटलीत एक बुडबुडा वर गेला. मग दुसरा. मी श्वास रोखून उभा. २० मिली प्यायला. माझे डोळे भरून आले होते, पण हललो नाही.

तान्हीची_आई:

पाऊलवाटताई, साबणच आहे.

काल पहाटे काढलेलं दूध वाटीत ठेवलं. ताजं असताना गोडसर, वास नाही. दुपारी बारापर्यंत तसंच. संध्याकाळी सहाला किंचित काहीतरी वेगळं, नवऱ्याला कळलं नाही पण मला कळलं. आज सकाळी स्पष्ट वास. मग फ्रीजरमधली एक पिशवी उघडली आणि जिभेवर थेंब ठेवला. धुतलेल्या भांड्यावर साबण राहून गेला की कसं लागतं, अगदी तसं, आणि मागाहून धातूसारखी चव. दहा दिवस आम्ही तिला हे पाजायला बघत होतो. ती बिचारी तोंड वाकडं करून सांगत होती आणि मी निपलं बदलत बसले.

आज ताजं दूध काढलं, ते बाटलीत भरलं आणि मी जिना उतरून खाली जाऊन बसले. नवऱ्याने बाबागाडी म्हणतात तसं, पाठ छातीला टेकवून धरलं. आठ्या पडल्या नाहीत. १५ मिली घेतलं आणि मग निपलाशी खेळत बसली. त्याने तिथेच थांबवलं.

आता त्या १८ पिशव्यांचं काय करू? पहाटे चारला उठून काढलंय ते दूध. टाकून द्यायला हात धजत नाही.

पाऊलवाट:

टाकू नका. बाळ आजारी नसेल आणि दूध नीट साठवलेलं असेल तर ते चांगलंच आहे. एकदा चव आली की तापवून ती जात नाही, पण थोडं मिसळता येतं. तीन भाग ताजं, एक भाग साठवलेलं, असं करून बघा. दोन्ही दुधं सारखीच गार असताना मिसळा. नाही चाललं तर सहा महिन्यांनंतर तिचं वरचं खाणं सुरू होईल, तेव्हा त्यात घालता येईल.

यापुढे फ्रीजरमध्ये ठेवायचं दूध काढल्या काढल्या तापवून घ्या. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवायचं, उकळू द्यायचं नाही. लगेच भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा आणि मग गोठवा. तापवल्याने दुधातले काही चांगले घटक कमी होतात, म्हणून जे गोठवायचं तेवढंच तापवा. तुमचं दूध सात-आठ तास तरी ठीक राहतंय. म्हणजे पहाटे काढलेलं त्याच दिवशी सासूबाईंनी वापरलं तर हा खटाटोप लागणारच नाही. सुरक्षिततेच्या हिशेबाने ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास आणि फ्रीजमध्ये ४ दिवस चालतं, पण तुमच्या बाबतीत चव त्याआधीच बदलते आहे. मायक्रोवेव्हमध्ये मात्र गरम करू नका. दूध कुठे गार, कुठे चटका बसेल इतकं गरम होतं. आणि पिऊन उरलेली बाटली दोन तासांच्या आत संपवायची, नाहीतर टाकायची.

किती ठेवायचं, हे पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगते. तुम्ही नसाल त्या प्रत्येक तासाला ३० ते ४५ मिली असा अंदाज धरा आणि ६० ते ९० मिलीचे छोटे भाग करून ठेवा. मोठी बाटली भरून ठेवली की घरातल्यांना ती संपवावीशी वाटते, आणि जबरदस्ती तिथूनच सुरू होते.

शिवाय बाटलीच पाहिजे असं कुठे आहे? छोट्या वाटीनेही बाळं पितात. बसतं धरायचं, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठाला लागेल इतकीच कलती करायची. ओतायचं नाही. ती जिभेने घेईल. सासूबाईंना दाखवून ठेवा, त्यांना कदाचित हेच सोपं जाईल.

तान्हीची_आई:

आज कामावरचा चौथा दिवस. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांच्यासाठी सांगते.

पहिले दोन दिवस मी अर्ध्या वेळाचे मागून घेतले होते. पहिल्या दिवशी बाटलीने ४० मिली घेतलं. मग सासूबाईंनी वाटीने ३५ पाजलं, त्यातलं निम्मं दुपट्याने प्यायलं असं त्या म्हणाल्या. मी घरी आले तर चप्पल काढायच्या आधी तिला माझा आवाज कळला. त्या रात्री चार वेळा उठली आणि प्रत्येक वेळी पोटभर प्यायली. मला आधी धस्स झालं, मग इथे जुने धागे वाचले. दिवसाचं रात्री भरून काढणारी बाळं बरीच असतात. लंगोट मोजते आहे, एकदाही सहाच्या खाली गेले नाहीत.

काल पहिला पूर्ण दिवस होता. बाटलीने ७०, ६०, ८० आणि वाटीने ५०. सासूबाई तिला कडेवर न घेता बाबागाडींच्या पद्धतीनेच धरतात, पण खिडकीशी नाही, स्वयंपाकघराच्या दारात, पंख्याखाली. तिथे ती पंख्याकडे बघते आणि पिते. माझ्याकडून मात्र बाटली अजूनही घेत नाही. निपल दिसलं की माझ्याकडे अशी बघते की मीच ती खाली ठेवते आणि तिला छातीला लावते.

दुपारी एकला छाती दाटून येते, ठणका लागतो, तेव्हा कामावरच एका रिकाम्या खोलीत दूध काढते आणि घरी येईपर्यंत गार ठेवते. ते दुसऱ्या दिवसासाठी न ठेवता, ताईंनी सांगितलं तसं घरी येऊन लगेच तापवून गोठवायला सुरुवात केली आहे. आठ तासांच्या आत होतं, चव अजून बदललेली नसते.

साठवलेल्या १८ पैकी तीन पिशव्या मिसळून संपल्या. चौथीचा वास फारच होता, मिसळूनही तिने नाक मुरडलं. ती आणि तिच्यामागच्या सगळ्या तशाच ठेवल्यात, तारखा वरच्या बाजूला करून.