चर्चा : नववी-दहावीला बालकेंद्री शिक्षण झेपतं का?

बाळीवेसकर : शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीनं शिकवा असं स्पष्ट लिहिलंय. पण हा कायदा आठवीपर्यंतच. नववी लागली की पोर गाईड आणि क्लासच्या दावणीला. स्वतःचं वेळापत्रक आखायचं, अडलेलं स्वतः सोडवायचं हे वय, आणि नेमकं तेव्हाच आपण लगाम आवळतो. मग अकरावीत गेल्यावर पोरं चाचपडतात.

पूर्वभागातली आई : बोलायला सोपं हो. इथं सोलापुरात आमच्या गल्लीत बाप यंत्रमागावर, आई विड्या वळते, घरात तेलुगू, शाळेत मराठी. ‘तूच शोध’ म्हटलं की पोरगं मोबाइलवरून उतरवून काढतंय. जलसुरक्षा विषयाचा प्रकल्प तर दुकानात तयार मिळतो!

टाचणवही : मी नववीला शिकवते. विषय वरून लादला की दुकानातूनच येणार. आमच्या पोरांनी स्वतः प्रश्न निवडला : सोलापुरात पाणी रोज का येत नाही? उजनी धरण, टाकळीचं पाणी उपसा केंद्र, हिप्परगा तलाव सगळं नकाशावर मांडलं. सुरुवातीला नुसता गोंधळ होता. प्रश्नाचे तुकडे कसे पाडायचे, ऐकीव माहिती कशी तपासायची, हे मलाच करून दाखवावं लागलं. मग हळूहळू मी बाजूला झाले. पुढे ‘प्रकाशाचे परावर्तन’ शिकवायच्या आधीच काहींनी धडा वाचून शंका लिहून आणल्या. सगळ्यांनी नाही, काहींनीच.

नवीपेठवाला : ‘काहींनीच’ हेच तर दुखणं आहे की मॅडम! आपल्या जिल्ह्यातल्या डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, अभिमान आहेच. पण परितेवाडीची त्यांची तेव्हाची शाळा प्राथमिक. बोर्डाला विज्ञानाचा ४० गुणांचा पेपर दोन तासांत लिहायचा असतो. तिथं सराव लागतो. आणि वर्गात साठ पोरं.

टाचणवही : साठ वह्या मला तरी कुठे रोज तपासून होतात? म्हणून सराव पेपर पोरं आधी स्वतः तपासतात, चूक कशामुळे झाली ते शेजारी लिहितात, मग माझ्याकडे. सराव तोच. फक्त लाल पेन त्यांच्या हातात.

पूर्वभागातली आई : हे पटलं. पण गटात चुणचुणीत पोरं बोलतात, माझी गप्प बसते. आणि एका खोलीच्या घरात वही उघडायची कुठं? शाळा सुटल्यावर दोन तास एक वर्ग उघडा ठेवा, मग सांगा स्वयंअध्ययन.

बाळीवेसकर : मागणी रास्त आहे. पालक सभेत मांडू या.

नवीपेठवाला : मांडा की. शिपायाला जादा पैसे कोण देणार, ते पण विचारा.