सल्ला हवा आहे: बाबांना (वय ७८, दोन्ही कानांत यंत्र) सतारीच्या मैफलीला न्यायचंय

जेलरोडकर:
नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी संध्याकाळी कालिदास कलामंदिरात सतार आणि तबल्याची मैफल आहे. बाबांना न्यायचं मनात आहे.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. रात्रपाळी नसली की शनिवारी आकाशवाणीवरचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐकायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. दोन खोल्यांचं घर, दिवा बंद, आम्ही भावंडं अंथरुणात आणि उशाशी बारीक आवाजात सतार. पण समोर बसून मैफल त्यांनी आयुष्यात एकदाही ऐकलेली नाही. पाळ्या, हप्ते, आमची शिक्षणं, त्यातच सगळं गेलं. आता वेळ आहे तर कान साथ देत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "मला आता धड ऐकू येत नाही, कशाला पैसे घालवतेस?"

पहिल्या रांगेचं तिकीट काढू का? यंत्रामुळे त्रास होईल का? सोबत माझी दहा वर्षांची मुलगी असेल, ती तबला शिकते. मला स्वतःला रागातलं काही कळत नाही. बाबांना हौसेने न्यायचं आणि तिथे बसून त्यांना आपलं बहिरेपणच जाणवत राहायचं, असं व्हायला नको.

पंचवटीकर:
ताई, नक्की न्या. पण पहिली रांग नको. मोठ्या सभागृहात स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना असतात. अगदी पुढे बसलं की वाद्य समोर दिसतं आणि आवाज भलतीकडून येतो, शिवाय मान वर करून बसावं लागतं. सहावी ते नववी रांग बघा, आणि स्पीकरच्या थेट समोरची खुर्ची टाळा.

मधोमध मिळालं नाही तर आपल्या उजव्या हाताची बाजू घ्या. सतारीची दांडी वादकाच्या डाव्या हाताकडे, म्हणजे आपल्या उजवीकडे असते आणि तबलजी बहुधा आपल्या डावीकडे बसतात. उजवीकडून मींड घेणारं, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणारं बोट नीट दिसतं. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना हे बघणं फार उपयोगी पडतं, कारण बोट तार ओढताना दिसलं की कान तो सूर आपोआप शोधतो. बाल्कनीत नेऊ नका, जिने चढायला लागतात. बाबांची खुर्ची रांगेच्या कडेची असू द्या, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर संकोच नको.

श्रुती२२:
यंत्राबद्दल अनुभवाने सांगते. आईला बासरीच्या कार्यक्रमाला नेलं होतं. दहाव्या मिनिटाला म्हणाली, "यांचा सूर का थरथरतोय गं?" आम्हाला तर बासरी स्वच्छ ऐकू येत होती. मध्यंतराआधीच घरी आलो. नंतर श्रवणतज्ज्ञांनी कारण समजावलं. ही यंत्रं मुळात बोलणं कळावं म्हणून जुळवलेली असतात. एखादा सूर लांबला की यंत्राला ती आपलीच शिट्टी वाटते आणि ते तिला दाबायला जातं. म्हणून टिकलेला सूर हलताना ऐकू येतो. शिवाय बारीक आवाज मोठा आणि मोठा आवाज बारीक करायची त्यांना सवय. बोलण्याला ते चांगलं, पण मैफलीतला चढउतार त्यात सपाट होतो.

पुष्कळ यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्राम घालून मिळतो. शनिवारची वाट बघू नका, याच आठवड्यात जाऊन तो घालून घ्या. मग घरी बाबांच्या आवडीची एखादी सतार लावून त्यांनाच विचारा, आधीचं बरं की हे. सूर थरथरला तर पुन्हा जाऊन फेरफार करून घ्या. आणि नव्या बॅटऱ्या खिशात ठेवा. यंत्र चार्जिंगचं असेल तर दुपारीच पूर्ण चार्ज करा.

खर्ज:
वरचे दोन्ही सल्ले मोलाचे आहेत. मी फक्त एकाच गोष्टीसाठी लिहितोय: वेळेच्या वीस मिनिटं आधी जाऊन बसा आणि आलाप, म्हणजे सुरुवातीचं संथ वादन, अजिबात चुकवू नका.

हे आग्रहाने सांगायचं कारण तुमचे बाबाच आहेत. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी जातात ते वरचे, बारीक आवाज. चिकारीचा (कडेच्या बारीक तारांचा) झणत्कार, तरफांचं (खालच्या आपोआप घुमणाऱ्या तारांचं) गुंजन, शेवटचा झाला (जलद झंकारत वाजणारा भाग), यातलं काही त्यांच्यापर्यंत कमी पोचेल. पण आलापात कलाकार खाली खर्जात, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांत उतरतो, एकेका सुरावर थांबतो, सोबत तबला नसतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात त्यांना सगळ्यात जास्त ऐकू येईल. लोक नेमके तेव्हाच उशिरा येतात, "अजून सुरू कुठे झालंय" म्हणत. मीही तरुणपणी बाहेर चहा पीत उभा राहायचो. तेव्हा काय हुकलं ते आता कळतं.

सगळ्या सतारींचा खर्ज मात्र सारखा नसतो. पंडित रविशंकर आणि निखिल बॅनर्जी यांच्या सतारीला खर्जाच्या जाड तारा होत्या. उस्ताद विलायत खाँनी त्या काढून गायकी अंगाला, म्हणजे गाण्याच्या ढंगाने वाजवायला सोयीची जुळणी केली. शनिवारचे कलाकार कोणत्या परंपरेतले आहेत ते पाहा आणि आठवडाभर त्याच वळणाचं ध्वनिमुद्रण बाबांना ऐकवा. रेडिओवर त्यांनी या तिघांपैकी कोणाला ना कोणाला ऐकलेलं असणार. आवड कोणाची ते विचारा, बोलायला लागतील.

लवकर जायचं दुसरं कारण म्हणजे वाद्य लावणं. मुख्य तारा सहा-सात, त्यांच्याखाली अकरा ते तेरा तरफा, आणि त्या तरफा त्या दिवशीच्या रागाच्या सुरांत लावतात. सुरुवातीला वादक त्यांच्यावरून एकदा बोट फिरवतो तेव्हा अख्खा राग एका ओळीत कानावर येतो. ज्यांनी पन्नास वर्षं रेडिओ ऐकलाय ते तिथेच म्हणतील, "अरे, हा तर यमन!" रेडिओवर हे लावणं सहसा ऐकायला मिळतच नाही.

आणि पैशांबद्दल बाबांना एक सांगा. आपल्याच पंचवटीत आश्रम काढून राहिलेल्या गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी हे संगीत राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढलं आणि तिकीट लावून सर्वांपुढे मांडलं. तिकीट आहे म्हणून तर प्रेसमधल्या माणसालाही आज हक्काची खुर्ची मिळते.

धाधिंधिंधा:
मुलीसाठी लिहितो. कुठले ताल झालेत तिचे?

जेलरोडकर:
तीनताल, झपताल झालेत. आता रूपक सुरू आहे.

धाधिंधिंधा:
मग तिचं काम सोपं आहे. आलाप आणि त्यापुढे लय वाढवत नेणारे जोड-झाला यांत तबलजी गप्प बसलेले असतील, तेव्हा ती कंटाळेल. तिला आधीच सांगून ठेवा की हे चालायचंच. नंतर विलंबित गत (तबल्यासोबतची संथ रचना) आली आणि ती मसीतखानी घडणीची असली, तर मुखडा, म्हणजे गतीची सुरुवातीची ओळ, तीनतालाच्या सोळा मात्रांतल्या बाराव्या मात्रेपासून उठतो. बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा आणि सम, म्हणजे पहिली मात्रा. ही सम तिने स्वतः पकडायची. एकदा सापडली की ती आपोआप पुढे सरकून बसेल. नवव्या मात्रेपासूनच्या खालीच्या भागात बायाँची (डाव्या हाताच्या डग्ग्याची) घुमक जाते, तेही कान देऊन ऐकू दे. तबल्याला वाव मिळतो तेव्हा सतार तीच गत पुन्हा पुन्हा वाजवत राहते, क्लासमध्ये लेहरा असतो तशी. पुढच्या द्रुत (जलद) रझाखानी गतीत मोजदाद सुटली तरी हरकत नाही, तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) समेवर पडली की कळतंच. आणि हो, बायाँची घुमक आजोबांनाही छान ऐकू येईल. दोघांना शेजारी बसवा.

गोदाकाठ:
माझं मत थोडं वेगळं आहे. एकदम तीन तासांच्या मैफलीपेक्षा आधी एखादी छोटी बैठक बरी. गुरुपौर्णिमेच्या सुमारास क्लासेसचे कार्यक्रम असतात, बहुतेक विनामूल्य. दिवाळीत पिंपळपारावरची पाडवा पहाट असते. बाबांना सवय होईल.

खर्ज:
गोदाकाठ, एरवी मीही हेच म्हणालो असतो. पण पहाटेच्या उघड्यावरच्या गर्दीत यंत्राला आजूबाजूचं बोलणंच जास्त ऐकू येईल. बंद सभागृह या बाबतीत बरं. आणि ७८ व्या वर्षी दिवाळीपर्यंत थांबा म्हणायला मन होत नाही.

जेलरोडकर:
सर्वांचे मनापासून आभार. आज तिकिटं काढली. आठवी रांग, उजवीकडची, बाबांना कडेची खुर्ची आणि शेजारी नात. श्रवणतज्ज्ञांची गुरुवारची वेळ मिळाली आहे.

काल रात्री निखिल बॅनर्जी लावले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रेडिओवर हे ऐकताना तुझी आई दार ओढून घ्यायची, तुमची झोप मोडू नये म्हणून." पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही.

एक शेवटचं. मुलगी गुडघ्यावर ताल धरते, टाळीचा आवाज होतो. चालेल का?

धाधिंधिंधा:
टाळी नको, शेजारच्यांचं लक्ष जातं. बोटांच्या पेरांवर मोजायला सांगा. नाहीतर आजोबांच्या तळहातावर धरू दे ताल, आवाजही होणार नाही आणि त्यांनाही सम कळेल.